धनादेश आणि पत

जून महिना जवळ आला, की गावोगावच्या शिवणयंत्रांची घरघर वाढू लागते. शाळा उघडावयाच्या असतात आणि मुलांचे गणवेश वेळेवर तयार व्हावयाचे असतात. अशाच एका गावी शिवणकाम करून संसार चालविणाऱ्या एक बाई आहेत, अशी कल्पना करू. गणवेशाचे कापड आणण्यासाठी त्या तालुक्याच्या गावी कापडदुकानात गेल्या. कापडाचे बिल झाले २,५०० रुपये. एवढी रोकड त्यांच्याजवळ नव्हती. त्यांनी पिशवीतून एक लहानसे पुस्तक काढले, त्यातील एका छापील कागदावर दुकानदाराचे नाव, तारीख आणि रक्कम लिहिली, खाली सही केली आणि तो कागद फाडून दुकानदाराच्या हाती दिला. दुकानदाराने तो जपून गल्ल्यात ठेवला आणि कापडाचा गठ्ठा बाईंच्या स्वाधीन केला.

तसे पाहिले तर दुकानदाराच्या हाती काय आले? कागदाचा एक तुकडा! नोटेवर सरकारचा व रिझर्व्ह बँकेचा भरवसा असतो. परंतु ह्या तुकड्यावर केवळ एका बाईंची सही होती. तरीही दुकानदाराने त्याच्या बदल्यात अडीच हजारांचा माल दिला. ह्या कागदाला धनादेश किंवा रोजच्या बोलण्यात चेक असे म्हणतात. धनादेश घेणारा मनुष्य सही करणाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवीत असतो. असा विश्वास ज्याच्यावर लोक ठेवतात, त्याची समाजात पत आहे असे आपण म्हणतो. पत मिळते कशी, टिकते कशी आणि जाते कशी, हे समजण्यासाठी बँकेतील खात्याचा व्यवहार नीट समजून घेतला पाहिजे.

लेखी आदेशाने पैसे देण्याची रीत आपल्या देशाला नवी नाही. पूर्वी दूरच्या गावी पैसे पाठवावयाचे झाले, तर वाटेत चोरांचे भय असे. म्हणून व्यापारी आपल्या शहरातील सावकाराच्या पेढीवर पैसे भरीत आणि त्याच्याकडून हुंडी लिहून घेत. दुसऱ्या शहरातील पेढीवर ती दाखविली, की तेथे पैसे मिळत. दाखविताक्षणी पैसे मिळत ती दर्शनी हुंडी, आणि ठराविक दिवसांनंतर मिळत ती मुदती हुंडी. हुंडीचे पैसे मिळणे ह्याला हुंडी वटणे म्हणत. आज चेक वटला असे जे आपण म्हणतो, तो शब्द हुंडीच्या काळापासूनच आपल्याकडे चालत आला आहे.

पुढे पेढ्यांच्या जोडीला बँका आल्या. मुंबईत १८४० साली बँक ऑफ बॉम्बे स्थापन झाली. १८८२ साली टपाल कचेऱ्यांतून बचत बँकेची सोय झाली आणि लहान गावांतील लोकांनाही आपली बचत सुरक्षित ठेवण्यास जागा मिळाली. पुण्यास १९३५ साली बँक ऑफ महाराष्ट्रची स्थापना झाली, आणि त्याच वर्षी देशातील सर्व बँकांवर देखरेख ठेवणाऱ्या भारतीय रिझर्व्ह बँकेच्या कार्यास आरंभ झाला. १९६९ साली चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाल्यानंतर खेड्यापाड्यांतून बँकांच्या शाखा उघडल्या. एके काळी केवळ धनिकांच्या दारात असलेली ही सोय अशा रीतीने सामान्यांच्या दारापर्यंत आली.

बँकेतील खाती निरनिराळ्या प्रकारची असतात. ज्या व्यापाऱ्यांना दिवसातून अनेक वेळा पैशांची देवघेव करावी लागते, ते चालू खाते उघडतात. त्यावर सामान्यतः व्याज मिळत नाही. घरखर्चासाठी व बचतीसाठी जे खाते असते, त्याला बचत खाते म्हणतात. त्यात हवे तेव्हा पैसे भरता येतात, लागतील तेव्हा काढता येतात आणि शिल्लक रकमेवर थोडे व्याजही मिळते. सर्वसामान्य कुटुंबाला हेच खाते उपयोगी पडते.

असे खाते मुलांनाही उघडता येते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. लहान मुलाचे खाते त्याचे आई, वडील किंवा पालक उघडू शकतात. दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला तर आपले खाते स्वतः उघडण्याची व स्वतः चालविण्याची मुभा बँक देऊ शकते. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये दिलेल्या सूचनांत हे स्पष्ट केले आहे. अशा खात्यात किती रक्कम ठेवता येईल आणि त्यावर धनादेशपुस्तक द्यावयाचे की नाही, हे प्रत्येक बँक आपल्या नियमांप्रमाणे ठरविते. मात्र एक अट सर्वत्र सारखीच आहे. मुलाच्या खात्यातील शिल्लक कधीही शून्याच्या खाली जाऊ द्यावयाची नाही. मूल अठरा वर्षांचे झाले, की बँक त्याच्याकडून नव्याने सहीचा नमुना घेते. त्या दिवसापासून ते खाते प्रौढ माणसाचे होते आणि त्याची जबाबदारीही प्रौढ माणसाची होते.

खाते उघडताना बँक आपली ओळख व पत्ता पटविणारी कागदपत्रे आणि छायाचित्र मागते. त्याचबरोबर ती आपल्या सहीचा नमुना घेऊन जपून ठेवते. पुढे आपल्या सहीचा कागद आला, की बँकेतील कर्मचारी ती सही ह्या नमुन्याशी ताडून पाहतो. दोन्ही सह्या जुळल्या तरच पैसे दिले जातात. आज एक वळण आणि उद्या दुसरे वळण, अशी सही करणाराचा धनादेश खात्यात पुरेसे पैसे असूनही परत येऊ शकतो. म्हणून सही विचारपूर्वक ठरवावी आणि ती नेहमी एकसारखी करावी.

खाते उघडल्यावर बँक आपल्याला खातेपुस्तक देते. त्यालाच आपण पासबुक म्हणतो. त्यात तारीख, तपशील, काढलेली रक्कम, जमा झालेली रक्कम आणि शिल्लक असे रकाने असतात. पैसे भरताना भरणा चिठ्ठीवर खातेक्रमांक व रक्कम लिहावी लागते. रोख रक्कम भरली असल्यास चिठ्ठीचा बँकेच्या शिक्क्याचा अर्धा भाग परत मिळतो. पासबुकात नोंद होईपर्यंत तो टाकून देऊ नये. शिल्लक रकमेवर मिळणाऱ्या व्याजाचा हिशेबही सोपा आहे. पूर्वी महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरच्या तारखेपर्यंत जी सर्वांत कमी शिल्लक असे, केवळ तिच्यावरच व्याज मिळे. १ एप्रिल २०१० पासून ते प्रत्येक दिवसाच्या शिल्लक रकमेवर मोजले जाते. समजा, व्याजाचा दर वर्षाला शेकडा ३ आहे आणि खात्यात ५,००० रुपये पूर्ण तीस दिवस राहिले, तर त्यांवर सुमारे १२ रुपये ३३ पैसे व्याज होईल. ही रक्कम लहान आहे खरी. परंतु थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण अशाच अनुभवांतून निर्माण झाली आहे.

आता धनादेशाकडे वळू. धनादेश म्हणजे खातेदाराने आपल्या बँकेस दिलेली लेखी आज्ञा. 'माझ्या खात्यातून अमुक व्यक्तीला अमुक रक्कम द्यावी,' एवढाच तिचा अर्थ. ह्या व्यवहारात तिघांचा संबंध येतो. आज्ञा देणारा खातेदार, ती पाळणारी बँक आणि पैसे घेणारी व्यक्ती हे ते तिघे होत. आपल्या देशात अशा दस्तऐवजांविषयीचा कायदा १८८१ साली झाला आणि पुढील दुरुस्त्यांसह तो आजही लागू आहे.

धनादेश लिहिताना पुष्कळ सावधगिरी बाळगावी लागते. प्रथम तारीख लिहावी. तारखेपासून तीन महिन्यांच्या आत धनादेश बँकेत गेला पाहिजे. त्यानंतर तो शिळा झाला असे समजतात. ही मुदत पूर्वी सहा महिन्यांची होती. १ एप्रिल २०१२ पासून ती तीन महिन्यांची झाली. तारखेनंतर पैसे घेणाराचे नाव पूर्ण व स्पष्ट लिहावे आणि नावापुढील मोकळ्या जागेत रेघ ओढावी, म्हणजे तेथे दुसरे कोणी काही लिहू शकणार नाही. त्यानंतर रक्कम दोनदा लिहावयाची असते, एकदा अक्षरांत आणि एकदा आकड्यांत. अक्षरी रकमेच्या शेवटी 'फक्त' हा शब्द लिहितात. तो शब्द म्हणजे रकमेच्या दाराला लावलेली कडीच होय. त्यापुढे कोणाला 'हजार' किंवा 'लाख' घुसडता येत नाही. आकडे चौकटीच्या डाव्या कडेला लागून लिहावेत. नाहीतर ५०० च्या मागे एक आकडा वाढवून त्याचे १,५०० किंवा ९,५०० करणे कठीण नसते. अक्षरी आणि आकडी रकमेत फरक पडला, तर कायदा अक्षरी रक्कम खरी मानतो. तथापि बँक असा धनादेश बहुधा परतच करते. खाडाखोड झाल्यास तो धनादेश रद्द करून नवा लिहावा, हेच उत्तम.

धनादेशाच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात दोन समांतर तिरप्या रेघा ओढण्याची पद्धत आहे. अशा धनादेशाला रेखांकित धनादेश म्हणतात. त्याचे पैसे बँकेच्या खिडकीवर रोख मिळत नाहीत. ते कोणाच्या तरी खात्यातच जमा व्हावे लागतात. त्या दोन रेघांमध्ये 'अकाउंट पेयी' असे लिहिले, तर ते ज्याचे नाव लिहिले आहे त्याच्याच खात्यात जमा होतात. असा धनादेश वाटेत हरवला, तरी तो सापडलेल्या माणसाला त्याचे पैसे सहजासहजी काढता येत नाहीत. ह्याउलट, रक्कम न लिहिता सही केलेला कोरा धनादेश म्हणजे कुलूप न लावलेली तिजोरीच! तो कितीही जवळच्या माणसाच्या हाती देऊ नये. धनादेशपुस्तकात प्रत्येक धनादेशाची नोंद करण्यासाठी जागा असते. तेथे क्रमांक, तारीख, नाव व रक्कम लिहिल्यावाचून धनादेश फाडू नये. बहुतेक लोक नेमका येथेच आळस करतात.

दुकानदाराने धनादेश आपल्या बँकेत भरल्यावर पुढे काय होते? दुकानदाराची बँक वेगळी आणि बाईंची बँक वेगळी. पूर्वी मोठ्या शहरांत सर्व बँकांचे प्रतिनिधी धनादेशांचे गठ्ठे घेऊन समाशोधन गृहात एकत्र जमत, एकमेकांचे धनादेश एकमेकांस देत आणि शेवटी जो फरक उरे तेवढीच रक्कम एका बँकेकडून दुसरीकडे जाई. आता कागदाचा हा प्रवास थांबला आहे. २००८ साली दिल्लीत एक नवी पद्धत सुरू झाली आणि पुढे ती देशभर पसरली. ह्या पद्धतीत मूळ कागद जेथे भरला त्याच बँकेत राहतो आणि त्याची प्रतिमा संगणकाद्वारे दुसऱ्या बँकेकडे जाते. धनादेशाच्या तळाशी जे विशिष्ट वळणाचे आकडे छापलेले असतात, ते यंत्राला वाचता यावेत म्हणूनच असतात. त्यांत धनादेशाचा सहा अंकी क्रमांक असतो, तसाच नऊ अंकी संकेतांकही असतो. ह्या संकेतांकातील पहिले तीन अंक शहराचे, पुढील तीन बँकेचे आणि शेवटचे तीन शाखेचे असतात. ऑक्टोबर २०२५ पासून तर ह्या प्रतिमा दिवसभर एकामागून एक पाठविल्या जातात. पूर्वी ज्याला एकदोन दिवस लागत, ते काम आता काही तासांत होऊ लागले आहे. 'आज धनादेश देऊ आणि उद्यापरवा खात्यात पैसे भरू,' असा हिशेब करणाराची त्यामुळे फजिती होते.

आता पुन्हा आपल्या शिवणकाम करणाऱ्या बाईंकडे जाऊ. १ जूनला त्यांच्या खात्यात ६,४०० रुपये शिल्लक होते. ३ जूनला त्यांनी दुकानदारास २,५०० रुपयांचा धनादेश दिला. दुकानदार कामाच्या गर्दीत होता. धनादेश त्याच्या गल्ल्यात तसाच पडून राहिला. ९ जूनला बाईंना शिवणयंत्राच्या दुरुस्तीसाठी आणि मुलाच्या वह्यापुस्तकांसाठी पैसे लागले. त्यांनी बँकेत जाऊन पासबुक भरून घेतले. त्यात शिल्लक होती ६,४०० रुपये. 'पैसे पुरेसे आहेत,' असे मनाशी म्हणून त्यांनी ४,५०० रुपये काढले. खात्यात १,९०० रुपये उरले. दुसऱ्याच दिवशी दुकानदाराने धनादेश आपल्या बँकेत भरला.

बाईंच्या बँकेसमोर २,५०० रुपयांची आज्ञा आली आणि खात्यात तर १,९०० रुपयेच होते. केवळ ६०० रुपये कमी! परंतु बँक अशा वेळी असतील तेवढे पैसे देत नाही. आज्ञा पूर्ण पाळावयाची, नाहीतर मुळीच पाळावयाची नाही, हा तिचा नियम असतो. 'खात्यात निधी अपुरा' असा शेरा मारून धनादेश परत पाठविण्यात आला. बँकेने दंड म्हणून बाईंच्या खात्यातून आणखी काही रक्कम वजा केली. दुकानदाराचा दूरध्वनी आला, "बाई, तुमचा चेक परत आला." त्याच्या आवाजात राग नव्हता, पण पूर्वीचा मोकळेपणाही नव्हता. बाई शरमिंद्या झाल्या. त्यांनी गिऱ्हाइकांकडून शिलाईची आगाऊ रक्कम घेतली आणि त्याच दिवशी दुकानात जाऊन २,५०० रुपये रोख चुकते केले. दुकानदाराने पैसे घेतले, पावती दिली आणि शांतपणे म्हटले, "यापुढे माल रोखीनेच न्यावा, बाई." दुकानदाराचा एक पैसाही बुडाला नव्हता, पण बाईंची पत गेली होती. ऐन हंगामात पुढचे कापड आणण्यासाठी आता आधी रोकड उभी करावी लागणार होती.

बाईंनी कोणाला फसविले होते काय? मुळीच नाही. त्यांचा हेतू स्वच्छ होता. पासबुकातील आकडाही खोटा नव्हता. मग चूक कोठे झाली? पासबुकातील शिल्लक म्हणजे आपले खर्च करण्याजोगे पैसे, असे त्यांनी गृहीत धरले. ही त्यांची चूक. बँकेला केवळ तिच्यापर्यंत आलेले व्यवहार ठाऊक असतात. जो धनादेश अजून दुकानदाराच्या गल्ल्यात पडून आहे, त्याची वार्ता बँकेला कशी असणार? ३ जूनला बाईंनी सही केली, त्याच क्षणी ६,४०० पैकी २,५०० रुपये दुकानदाराचे झाले. ते बाईंच्या खात्यात राहिले खरे, परंतु ते परक्याची ठेव म्हणून राहिले. बाईंचे स्वतःचे असे ३,९०० रुपयेच उरले होते. दिलेला शब्द फक्त देणारालाच ठाऊक असतो. म्हणून त्याचा हिशेबही देणारानेच ठेवला पाहिजे.

धनादेश न वटणे ही गोष्ट कायद्यानेही गंभीर मानली आहे. देणे फेडण्यासाठी दिलेला धनादेश खात्यात पैसे नसल्यामुळे परत आला, तर तो १९८९ पासून शिक्षेस पात्र असा अपराध ठरला आहे. तथापि कायदा चूक सुधारण्याची संधी देतो. पैसे घेणाराने प्रथम लेखी नोटीस द्यावी लागते, आणि ती मिळाल्यापासून पंधरा दिवसांच्या आत धनादेशाची रक्कम दिली तर खटला होत नाही. ह्या मुदतीतही जो पैसे देत नाही, त्याला दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा धनादेशाच्या दुपटीपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

अशा प्रसंगांपासून दूर राहण्याचा उपाय फार साधा आहे. खातेदाराने स्वतःची एक वही ठेवावी. तिच्यात तारीख, तपशील, जमा, नावे आणि शिल्लक असे पाच रकाने आखावेत. पैसे आले की जमेच्या रकान्यात लिहावे. पैसे काढले, धनादेश दिला किंवा कोणाला अन्य मार्गाने पैसे पाठविले की नावेच्या रकान्यात लिहावे. धनादेश वटेपर्यंत थांबू नये. ज्या दिवशी सही केली त्याच दिवशी रक्कम वजा करावी. बाईंनी अशी वही ठेवली असती, तर ती पुढीलप्रमाणे दिसली असती:

१ जून, मागील शिल्लक: ६,४०० रुपये.
३ जून, कापडदुकानदारास धनादेश, नावे २,५०० रुपये. शिल्लक ३,९०० रुपये.

९ जूनला ही वही उघडली असती, तर ४,५०० रुपये काढण्याचा विचारही त्यांच्या मनात आला नसता. यंत्राची दुरुस्ती आधी आणि वह्यापुस्तके आठ दिवसांनी, असे काही त्यांनी ठरविले असते. अंथरूण पाहून पाय पसरावे, असे आपण म्हणतो. परंतु अंथरूण नेमके केवढे आहे, हे वहीत पाहिल्यावाचून कसे कळणार?

महिन्याच्या अखेरीस ही वही पासबुकाशी ताडून पाहावी. दोन्हींतील शिल्लक पुष्कळदा जुळत नाही. त्यामुळे घाबरून जाण्याचे कारण नाही. फरक का पडला, ते शोधावे. समजा, जूनअखेर पासबुकातील शिल्लक ५,२०० रुपये आहे आणि वहीतील ४,७६५ रुपये आहे. आपण दिलेला १,२०० रुपयांचा एक धनादेश अजून वटलेला नाही. तो पासबुकातील रकमेतून वजा करावा. आपण बँकेत भरलेला ८०० रुपयांचा धनादेश अजून जमा झालेला नाही. तो त्या रकमेत मिळवावा. म्हणजे ४,८०० रुपये होतात. आता वहीकडे पाहावे. बँकेने तीन महिन्यांचे ३५ रुपये व्याज जमा केले आहे आणि ते वहीत लिहावयाचे राहिले आहे. ते लिहिले, की वहीतील शिल्लकही ४,८०० रुपये होते. दोन्ही हिशेब जुळले! ह्या ताडणीतून आपली चूक सापडते, क्वचित बँकेची चूकही सापडते, आणि आपल्या नकळत कोणी पैसे काढले असतील तर तेही उघडकीस येते. काही नोंद समजली नाही, तर बँकेत जाऊन निःसंकोचपणे विचारावे. खात्यातील पैसे खातेदाराचे आहेत. त्यांच्याविषयी विचारण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे.

हल्ली धनादेशाचा वापर कमी झाला आहे. १९८७ साली मुंबईत देशातील पहिले एटीएम यंत्र बसविण्यात आले, आणि २०१६ साली सुरू झालेल्या यूपीआय पद्धतीमुळे तर भाजीवाल्यापासून पुस्तकविक्रेत्यापर्यंत सर्वांना मोबाइलवरून क्षणार्धात पैसे देता येतात. साधन बदलले, तरी हिशेबाचा नियम बदललेला नाही. उलट पैसे जितक्या सहजपणे जातात, तितकी ते कोठे गेले ह्याची आठवण पुसट होते. दहा, वीस, पन्नास रुपयांचे लहान लहान खर्च दिवसभर होत राहतात आणि महिनाअखेर शिल्लक पाहून मनुष्य चकित होतो. म्हणून दिवसाच्या शेवटी पाच मिनिटे वहीसाठी राखून ठेवणे आजच्या काळात अधिकच आवश्यक झाले आहे.

धनादेशाच्या वेळी जे काम सही करते, तेच काम यंत्रापुढे गुप्त संकेतांक करतो. त्यालाच पिन म्हणतात. तो जवळच्या मित्रालाही सांगू नये, कार्डावर लिहून ठेवू नये आणि बँकेचा अधिकारी म्हणून बोलणाऱ्या अनोळखी माणसास तर मुळीच सांगू नये. खरी बँक तो कधीही विचारीत नाही. आणखी एक गोष्ट मनावर कोरून ठेवावी. पिन लागतो तो पैसे देताना. पैसे घेताना लागत नाही. 'तुम्हांला पैसे पाठवितो, तेवढा पिन दाबा,' असे कोणी म्हणाला, तर तो आपल्या खात्यातून पैसे काढू पाहत आहे, असे निश्चित समजावे. फसवणूक झालीच, तर भीतीने किंवा लाजेने गप्प बसू नये. घरातील वडीलधाऱ्यांना, बँकेला आणि १९३० ह्या क्रमांकावर त्वरित कळवावे. विलंब जितका कमी, तितकी पैसे वाचण्याची शक्यता अधिक.

खाते उघडून ते विसरून जाणेही बरे नव्हे. खातेदाराने दोन वर्षे काहीच व्यवहार केला नाही, तर बँक ते खाते निष्क्रिय ठरविते आणि ते पुन्हा सुरू करण्यासाठी कागदपत्रे द्यावी लागतात. बँक बुडाली तर काय, अशीही शंका काहींच्या मनात येते. त्यासाठी आपल्या देशात १९६२ पासून ठेवींचा विमा उतरविला जातो. फेब्रुवारी २०२० मध्ये ह्या विम्याची मर्यादा प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारास पाच लाख रुपये करण्यात आली. पतसंस्थांतील ठेवींना मात्र हे संरक्षण नाही. तेव्हा पैसे कोठे ठेवीत आहोत, हे आधी नीट विचारून घ्यावे.

शिवणकाम करणाऱ्या बाईंचे पुढे काय झाले असेल? त्यांनी एक वही घातली असेल. सातवीतील मुलाने पट्टीने रकाने आखून दिले असतील आणि रोज रात्री मायलेकरांनी मिळून जमा-नावे लिहिले असेल. काही महिने त्यांनी कापड रोखीनेच नेले असेल. मग केव्हातरी, दिवाळीच्या गर्दीत, त्यांनी भीत भीत पुन्हा धनादेश पुढे केला असेल, दुकानदाराने क्षणभर विचार करून तो घेतला असेल, आणि तो वेळेवर वटला असेल. त्यानंतर दुसरा, त्यानंतर तिसरा. पत अशीच हळूहळू, एकेका पाळलेल्या शब्दाने उभी राहते.

बँकेच्या खात्यात दोन प्रकारची शिल्लक असते. एक आकड्यांत दिसते; तिच्यात भर घालण्यासाठी कष्ट आणि काटकसर लागते. दुसरी शिल्लक पासबुकात छापलेली नसते. ती लोकांच्या मनांत असते. सही करण्यापूर्वी क्षणभर थांबून 'हा शब्द आपण पाळू शकू काय?' असे जो स्वतःला विचारतो, त्याची ही दुसरी शिल्लक कधीही कमी पडत नाही. शाळकरी वयात हाती आलेले लहानसे पासबुक ही सवय लावण्यासाठीच असते.